स्वमग्न नातवंडाची शाळा आणि घरातील ज्येष्ठ

नातवंडाला शाळेत सोडणे, दुपारी आणणे, डबा रिकामा झाला का हे पाहणे, ही कामे आपल्याकडील अनेक घरांत आजी-आजोबाच करतात. त्यामुळे एखाद्या मुलाला ‘स्वमग्नता’ किंवा ‘ऑटिझम’ असल्याचे निदान होते आणि त्याला विशेष शाळेत घालण्याचा सल्ला मिळतो, तेव्हा आई-वडिलांइतकाच धक्का घरातील ज्येष्ठांनाही बसतो. ‘आमच्या घराण्यात असे कोणी नव्हते’, ‘थोडा उशिरा बोलेल, याचा बापही उशिराच बोलला होता’, ‘विशेष शाळेत घातले की कायमचा शिक्का बसेल’, ही वाक्ये मी दवाखान्यात अनेकदा ऐकली आहेत. त्यांमागे माया असते, काळजी असते. परंतु या वाक्यांपायी मुलाची शिकण्याची दोन-तीन मोलाची वर्षे निघून जातात, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून हा लेख मुख्यतः आपणा ज्येष्ठांसाठी आणि अशा मुलांचा सांभाळ करणाऱ्यांसाठी आहे. विशेष शाळेत नेमके काय शिकवले जाते, ती निवडताना काय पाहावे, आणि त्या शिक्षणात घराचा वाटा कोणता, हे समजले तर निर्णय सोपा होतो.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाची वेगळी घडण आहे. इतरांशी संवाद साधणे, नजरेतून व हावभावांतून अर्थ समजून घेणे या गोष्टी अशा मुलाला अवघड जातात. तीच ती हालचाल किंवा तोच तो क्रम त्याला हवासा वाटतो. आवाज, उजेड, स्पर्श, वास यांची जाणीव त्याला इतरांपेक्षा फार तीव्र किंवा फार मंद असते. कुकरच्या शिट्टीने कानांवर हात ठेवून ओरडणारे मूल हट्टी नसते. तो आवाज त्याला खरोखरच सहन होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात दर १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. कोणी एकही शब्द बोलत नाही, कोणी रेल्वेचे वेळापत्रक तोंडपाठ म्हणतो. काहींना बौद्धिक अक्षमताही असते, तर काहींची बुद्धी उत्तम असते.

अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली या मुलांचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढे काही वर्षे ‘आईच्या थंड वागण्यामुळे मूल असे होते’ अशी समजूत वैद्यकीय वर्तुळातही रूढ होती. ती पूर्णपणे चुकीची ठरली आहे. आईने नोकरी केली, गरोदरपणात आराम केला नाही, मुलाला मोबाइल दिला, लस दिली, यांपैकी कशामुळेही स्वमग्नता होत नाही. तेव्हा सुनेकडे किंवा लेकीकडे बोट दाखवू नये, ही माझी पहिली विनंती.

स्वमग्नता बरी करणारे औषध नाही. अतिचिडचिड, झोपेची तक्रार किंवा फिट्स यांसाठी तज्ज्ञ औषधे देतात आणि ती आवश्यकही असतात. पण संवाद व स्वावलंबन या गोष्टी औषधाने येत नाहीत, त्या शिकवाव्या लागतात. मूळ पेशींच्या इंजेक्शनांची जाहिरात पाहून घर गहाण टाकणारी कुटुंबे आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच या उपचाराची स्वमग्नतेसाठी शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले आहे. तो पैसा शिक्षणासाठी राखून ठेवावा.

विशेष शाळेत काय शिकवतात?

विशेष शाळा म्हणजे अभ्यास कमी आणि सांभाळ जास्त, असा गैरसमज आहे. चांगल्या शाळेत प्रत्येक मिनिटाला काहीतरी शिकवले जात असते. फक्त ते आपल्या ओळखीच्या अभ्यासासारखे दिसत नाही.

वर्गात शिरल्यावर भिंतीवर प्रत्येक मुलाच्या नावाची पट्टी दिसते आणि तिच्यावर क्रमाने चित्रे लावलेली असतात: दप्तर ठेवणे, प्रार्थना, टेबलावरचे काम, डबा, झोपाळा, घर. एक काम संपले की मूल ते चित्र काढून खालच्या पाकिटात टाकते. पुढे काय होणार हे ठाऊक नसल्याने या मुलांना जी भीती वाटते, ती अशा वेळापत्रकाने पुष्कळ कमी होते. टेबलावर डावीकडे करायच्या कामाच्या टोपल्या असतात आणि उजवीकडे झालेल्या कामाची टोपली. किती काम आहे आणि ते केव्हा संपेल हे मुलाला शब्दांवाचून कळते. ही पद्धत अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात विकसित झाली. तेथील कार्यक्रम १९७२ साली राज्यव्यापी झाला आणि आज जगभरातील शाळा तिचा वापर करतात.

बोलता न येणाऱ्या मुलाला चित्र हातात देऊन मागायला शिकवतात. पाण्याचे चित्र दिले की लगेच पाणी मिळते. ‘चित्रांची सवय लागली तर तो बोलायचाच नाही’ अशी शंका आजी हमखास काढतात. तसे होत नाही. मागितले की मिळते हे एकदा उमगले की मुलाची रडारड कमी होते, आणि काही मुले त्यानंतरच शब्दांकडे वळतात.

मोठे काम लहान पायऱ्यांत तोडणे हा या शिक्षणाचा गाभा आहे. शर्ट घालणे हे आपल्याला एक काम वाटते. शिक्षकांच्या वहीत त्याच्या दहा-बारा पायऱ्या असतात. पुष्कळदा शेवटची पायरी आधी शिकवतात. बाकी सारे शिक्षक करून देतात आणि शेवटचे बटण मूल लावते, म्हणजे काम पूर्ण केल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. हळूहळू एकेक पायरी त्याच्याकडे सोपवली जाते. दात घासणे, शौचानंतर स्वच्छता, पोळीवर तूप लावणे, रांगेत थांबणे, रस्ता ओलांडणे, सुटे पैसे मोजणे हे सारे असेच शिकवले जाते.

विशेष शाळा की सर्वसाधारण शाळा?

या प्रश्नाचे सरसकट उत्तर नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने स्वमग्नतेला स्वतंत्र दिव्यांगत्व म्हणून मान्यता दिली. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक आहे अशा ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत अथवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे निवड कुटुंबाची आहे. सर्वसाधारण शाळा केवळ दिव्यांगत्वाचे कारण देऊन मुलाला नाकारू शकत नाही.

ज्या मुलाला सूचना समजतात, जे चाळीस मुलांच्या गलबल्यात थोडा वेळ तरी बसू शकते, त्याने सर्वसाधारण शाळेत विशेष शिक्षकाच्या मदतीने शिकणे हितावह असते. परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींची तरतूद कायद्यात आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, निवडक विषय घेऊन आपल्या गतीने दहावी-बारावी करता येते. एकदा नोंदणी केली की पाच वर्षांची मुदत मिळते. परंतु जे मूल वर्गाच्या कोपऱ्यात दिवसभर कान झाकून बसते आणि शाळेतून काहीही न शिकता परत येते, त्याला केवळ ‘साध्या शाळेत जातो’ हे सांगता यावे म्हणून तेथे ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. काही मुले विशेष शाळेत तयारी करून पुढे सर्वसाधारण शाळेत जातात. काही उलट दिशेने येतात. त्यात मान-अपमानाचा प्रश्न नाही.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. महाराष्ट्रातील बहुसंख्य विशेष शाळा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी सुरू झालेल्या आहेत. मुंबईतील जय वकील ही १९४४ सालची संस्था त्यांतली जुनी. केवळ स्वमग्न मुलांसाठीच्या शाळा थोड्या आहेत आणि त्या बहुधा मोठ्या शहरांत आहेत. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी आधी जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तेथे तपासणी व उपचार मोफत मिळतात. तसेच समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकाची गाठ घ्यावी.

शाळा पाहायला जाल तेव्हा

इमारत, बाग, रंगवलेल्या भिंती यांवरून शाळा पारखू नये. वर्ग चालू असताना तासभर बसू देण्याची विनंती करावी आणि पुढील गोष्टी विचाराव्यात.

१. शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको.

२. एका शिक्षकाकडे किती मुले? स्वमग्न मुलांसाठी पाच मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे परिषदेचे प्रमाण आहे.

३. आमच्या मुलासाठी स्वतंत्र लेखी शैक्षणिक योजना करणार का, आणि दर काही महिन्यांनी ती आमच्यासमोर तपासणार का?

४. वाचा-उपचारतज्ज्ञ आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ शाळेत येतात का? किती दिवसांनी?

५. मूल अनावर झाले तर आपण काय करता? ‘खोलीत बंद करतो’, ‘बांधून ठेवतो’, ‘एक फटका दिला की ऐकतो’ अशी उत्तरे मिळाली, तर तेथून निघावे.

६. आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना घरी काय करायचे ते शिकवता का?

७. चौदाव्या वर्षानंतर आपण काय शिकवता?

यांतला सातवा प्रश्न फार थोडे पालक विचारतात. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा तोच आहे.

वयात येताना

पाच वर्षांच्या मुलाने अनोळखी बाईंच्या गळ्यात हात टाकले तर लोक हसतात. पंधराव्या वर्षी त्याने तेच केले तर पोलिसांत तक्रार होऊ शकते. शरीर वेळेवर मोठे होते, सामाजिक समज मागे राहते. म्हणून बंद दार ठोठावणे, कपडे कोठे बदलायचे, कोणाला कोठे स्पर्श करू द्यायचा, नको असेल तेव्हा ‘नाही’ कसे सांगायचे, हे दहा-अकराव्या वर्षापासून शिकवावे लागते. मुलीला पाळीची ओळख पाळी येण्याआधीच, चित्रे व पॅड दाखवून करून द्यावी. मुलाला दाढी करणे शिकवावे. नातवाला बाराव्या वर्षीही आजीने आंघोळ घालणे ही माया असली, तरी ती त्याच्या सुरक्षिततेच्या आड येते. दुसऱ्याने आपले कपडे काढणे हे त्याला नेहमीचेच वाटू लागते.

डॉक्टर म्हणून आणखी एक सूचना. शांत मूल अचानक डोके आपटू लागले, रात्री जागू लागले, जेवण टाकू लागले, तर ‘शाळा बदलली म्हणून’ असे म्हणून थांबू नये. दात, कान, पोट आणि बद्धकोष्ठ हे चार आधी तपासून घ्यावे. ज्याला ‘दुखते’ असे सांगता येत नाही, तो वागण्यातून सांगतो. स्वमग्न मुलांत फिट्सचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते आणि काहींना त्या किशोरवयातच प्रथम येतात. क्षणभर शून्यात पाहणे, हातातील वस्तू गळून पडणे असे वारंवार दिसले, तर शाळेला कळवावे आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

घरातील ज्येष्ठांचे काम

शाळा दिवसातले चार-पाच तास. उरलेला वेळ मूल घरी असते, आणि आई-वडील नोकरीवर असतील तर आपल्याजवळ असते. शाळेत पाण्यासाठी चित्र द्यायला शिकलेल्या मुलाला घरी न मागता पेला मिळाला, तर ते चित्र का देईल? शाळेने दोन महिन्यांत शिकवलेले घरची माया दोन दिवसांत पुसू शकते. त्याच मायेने ते पक्केही होते.

गोव्यातील ‘संगत’ या संस्थेत आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेला एक अभ्यास २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात २ ते ९ वर्षे वयाची ६५ मुले होती. तज्ज्ञ डॉक्टरांऐवजी प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी पालकांना मुलाकडे लक्ष देण्याची व त्याच्या कलाने प्रतिसाद देण्याची रीत शिकवली. पालकांच्या प्रतिसादात सुधारणा झाली आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. घरातील माणसांच्या रोजच्या वागण्यात केवढी शक्ती आहे, हे यातून दिसते.

आपण काय करू शकता? थोडक्यात सांगतो.

शाळा जे शब्द व जी चित्रे वापरते, तीच घरी वापरावी. ‘ये’, ‘इकडे ये’, ‘ये बघू माझ्या राजा’ असे तीन प्रकार न करता एकच सूचना द्यावी. सूचना दिल्यावर मनात दहा अंक मोजावेत. त्याला समजायला वेळ लागतो. जे त्याला करता येते ते आपण करून देऊ नये, मग चप्पल घालायला दहा मिनिटे का लागेनात. पाहुण्यांना नमस्कार करण्याची, पापा देण्याची सक्ती नको. लग्नकार्य, गणपतीची मिरवणूक, दिवाळीचे फटाके यांची कल्पना आदल्या दिवशी चित्रे दाखवून द्यावी. आवाज बंद करणारे हेडफोन जवळ ठेवावेत आणि लवकर निघण्याची तयारी असावी.

मूल अनावर झाले असता त्याला धरून ठेवण्याचा प्रयत्न साठीनंतर तरी अजिबात करू नये. चौदा वर्षांच्या मुलाच्या ताकदीपुढे आपला तोल जाऊन खुब्याचे हाड मोडू शकते. आसपासच्या टोकदार व फुटणाऱ्या वस्तू दूर कराव्यात, आवाज व दिवे कमी करावेत, थोडे अंतर ठेवून शांत उभे राहावे. त्या वेळी उपदेश, प्रश्न, धमकी यांचा काही उपयोग नसतो.

याखेरीज एक काम फक्त आपणच करू शकता. आठवड्यातून एकदा दोन तास मुलाला सांभाळून त्याच्या आईला मोकळे सोडावे, आणि ती कोठे जाते ते विचारू नये. मात्र आपली रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची तपासणी, दुपारची झोप या सांभाळात बुडू देऊ नये.

अठराव्या वर्षाची तयारी

विशेष शाळा साधारणतः अठराव्या वर्षी संपते. ज्या सकाळी शाळेची गाडी येत नाही, त्या सकाळी हा मुलगा, ही मुलगी काय करणार? शाळेच्या सगळ्या वर्षांची खरी परीक्षा त्या दिवशी होते. दहावीचे प्रमाणपत्र हाती आहे, पण स्वतः आंघोळ करता येत नाही, एकट्याने अर्धा तास बसता येत नाही, अशी तरुण मुले मी पाहिली आहेत. लिहिता-वाचता फारसे येत नसले तरी वेळेवर उठणारी, आपला डबा भरणारी, कार्यशाळेत कागदी पिशव्या, पणत्या किंवा मसाल्याची पाकिटे तयार करणारी मुलेही पाहिली आहेत. दुसऱ्या घरातील म्हातारपण अधिक निश्चिंत असते. म्हणून चौदाव्या वर्षापासून शाळेच्या योजनेत कामाच्या सवयी असाव्यात: एका जागी बसून काम पूर्ण करणे, चूक झाल्यास मदत मागणे, सुट्टीत स्वतःला गुंतवणे, प्रवास करणे. ज्यांची बुद्धी चांगली आहे त्यांच्यासाठी संगणकावरील कामे, ग्रंथालय, मुद्रितशोधन असे मार्गही पाहावेत.

कागदपत्रेही वेळीच करावीत. शासकीय रुग्णालयातून दिव्यांगत्व प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड काढावे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर कायद्याच्या दृष्टीने आई-वडीलसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत. ज्याला स्वतःचे व्यवहार पाहता येत नाहीत, त्याच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. आपण नातवंडाच्या नावे काही ठेवणार असाल, तर ते व्यवहार कोण पाहील याचा विचार करून, वकिलांच्या सल्ल्याने मृत्युपत्र करावे.

शेवटी एवढेच. ‘तो इतरांसारखा कधी होईल?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि त्या प्रश्नाने मुलाचे काही भले होत नाही. ‘या सहा महिन्यांत तो स्वतःच्या हाताने कोणती नवी गोष्ट करू लागेल?’ हा प्रश्न शिक्षकांना विचारावा, त्याचे उत्तर वहीत लिहून ठेवावे, आणि सहा महिन्यांनी ती वही पुन्हा उघडावी. आपल्या घरी असे मूल असेल आणि अजून शाळा ठरली नसेल, तर पुढच्या वर्षाची, पुढच्या जूनची वाट पाहू नये. याच आठवड्यात एक शाळा पाहून यावी.